नापास नव्हे, श्रेणीसुधार

आमची तनुजा बारावीला नापास झालेली नव्हती. हे सुरुवातीलाच स्पष्ट करून ठेवतो, कारण यंदाचा अख्खा उन्हाळा मी नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत भेटेल त्या माणसाला एवढंच सांगत हिंडलो आहे. ती पास होती. सगळ्या विषयांत पास होती. फक्त फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजी मिळून तीनशेपैकी एकशे सेहेचाळीस पडले, आणि मेडिकलला जायचं तर या तीन विषयांत निम्मे तरी लागतात. म्हणजे दीडशे. नीट परीक्षेत तुम्ही साक्षात धन्वंतरीला मागं टाका, पण बारावीला चार मार्क कमी असतील तर सरकार तुम्हाला दारात उभं करत नाही. हा नियम मला ठाऊक नव्हता असं नाही. पण काही नियम हे दुसऱ्यांच्या मुलांसाठी असतात अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

निकालाच्या आदल्या दिवशी मी कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तनुजाचा सीट नंबर टाकला. निकाल बघायला आईचं नावही लागतं, तेव्हा कुणाची अडचण नको म्हणून 'सिंधु' हेही टाकलं. पोरगी दोन वर्षं लातूरला राहून मेडिकलचा क्लास करत होती, बापाला एवढा अभिमान असणारच. शिवाय फेब्रुवारीत बायॉलॉजीच्या पेपराला ती अर्ध्या वेळेतच बाहेर आली होती. इतर आईबाप फाटकाला डोळे लावून बसलेले, आणि माझी पोरगी हात हलवत बाहेर. 'लई सोपा होता पप्पा,' म्हणाली. मी त्याच संध्याकाळी कॉलनीत पेढे वाटले होते.

निकालाच्या दिवशी आमच्या फोनवर ती साइट काही उघडेना. चक्र नुसतं फिरत राहिलं. तेवढ्यात शेजारचे धोंडप्पा अण्णा आले. अण्णा डाळ मिलमधून निवृत्त झालेले आहेत आणि तेव्हापासून कॉलनीला सल्ला देण्याचं काम विनामूल्य करतात. त्यांच्या हातात तनुजाचा निकाल होता, रंगीत छापलेला.

"साहेब, कलरमधी काढून आणलं बगा," अण्णा म्हणाले. "लॅमिनेशन करावं म्हणलं होतं. पण म्हणलं, आधी तुमाला दाखवावं."

एवढ्यावरून मी ओळखायला हवं होतं. ज्या निकालाचं लॅमिनेशन थांबतं त्यात काहीतरी गडबड असते.

सिंधुनं कागद वाचला आणि तनुजाकडं दिला. तनुजानं तो वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाली, "पण मी सगळं बरोबर लिहिलंय."

"काय लिहिलंस?" मी विचारलं.

"उत्तर."

हळूहळू उलगडा झाला तो असा. दोन वर्षं लातूरला या पोरीनं सकाळ-संध्याकाळ एकच गोष्ट केली होती. प्रश्न वाचायचा, चार पर्याय बघायचे, बरोबर असेल तो गोल काळा करायचा, पुढं जायचं. क्लासमध्ये रोज टेस्ट, रोज गोल. बारावीच्या बोर्डाकडं क्लासमध्ये कुणी ढुंकून बघत नसे. तिथले सर म्हणायचे, बोर्डाचं आपोआप होतं. मग बोर्डाच्या पेपरात पहिला प्रश्न सोडला तर पर्यायच नाहीत म्हटल्यावर तनुजानं विचार केला की पर्याय मनात धरायचे आणि बरोबर असेल तेवढाच लिहायचा. गणितं तिनं डोक्यातल्या डोक्यात सोडवली आणि फक्त शेवटचा आकडा लिहिला. 'मानवी हृदयाची रचना आकृतीसह सविस्तर स्पष्ट करा' याचं उत्तर तिनं लिहिलं होतं, 'चार कप्पे.' इंग्रजीत लिहिलं होतं, पण लांबी तेवढीच.

"सविस्तर म्हणलं होतं ना गं!" सिंधु म्हणाली.

"विचारलं तेवढं सांगितलं. जास्तीचं लिहायला वेळ जातो ना मम्मी."

सिंधुनं माझ्याकडं बघितलं. "एवढं कमी बोलणं हिनं कुणाकडून उचललं असेल? तुमच्याकडून तर न्हाई." या वाक्यात माझ्याविषयी जे काही होतं त्याकडं मी दुर्लक्ष केलं.

पुढचे काही दिवस आमच्या घरी सल्ल्यांचा पूर आला होता. अण्णांच्या मते पोरीला रशियाला पाठवावं, तिकडं मार्क विचारत नाहीत, फक्त थंडी असते. समोरच्या मंजुश्रीताई म्हणाल्या, बीएस्सी करा, त्यातही नावापुढं काहीतरी लागतंच. उदगीरहून मेहुण्याचा फोन आला, की एवढं शिकवून शेवटी लग्नच करायचं, तर एक स्थळ आहे. मी जिल्हा परिषदेत कार्यालयीन अधीक्षक आहे. माझ्या सहीवाचून फाइल हलत नाही. पण त्या आठवड्यात माझ्याच घरात माझं मत कुणी विचारलं नाही. तनुजा आतल्या खोलीतून बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मला डॉक्टरच व्हायचंय." आणि पुन्हा आत गेली. स्पष्टीकरण नाही, आकृती नाही. पण तिचा चेहरा मी बघितला होता, आणि त्यानंतर मेहुण्याचे फोन मी उचलले नाहीत.

मार्ग सिंधुनंच काढला. ती अंगणवाडीची पर्यवेक्षिका आहे, तालुक्यातालुक्यांतल्या बायका तिच्या ओळखीच्या. कुणाच्या तरी जावेच्या पोरानं केलं होतं ते तिला कळलं: पास झालेल्या मुलालाही तेच पेपर जुलैच्या परीक्षेत पुन्हा देऊन मार्क वाढवता येतात. याला श्रेणीसुधार म्हणतात. नीटचा पेपर तर तनुजानं देऊन ठेवलाच होता आणि तो बरा गेला होता. जुलैत दीडशेचा आकडा पार केला तर याच वर्षी डॉक्टरकी, नाही तर वर्ष गेलं. अर्ज मात्र ज्या कॉलेजात नाव आहे तिथूनच भरायचा.

नाव हिमायतनगरला होतं.

आता आमच्याकडची पद्धत सांगतो. पोरगं राहतं लातूरला, शिकतं क्लासमध्ये, आणि नाव असतं लांबच्या एखाद्या कॉलेजात, जिथं हजेरीची फार कटकट नसते. तनुजा त्या कॉलेजात प्रॅक्टिकलला आणि परीक्षेलाच काय ती गेली होती. मी रजा टाकली, एसटीनं हिमायतनगर गाठलं आणि माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर अर्ज घेऊन प्राचार्यांच्या पुढं उभा राहिलो. 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की' इथून सुरू होऊन तो तिसऱ्या पानावर मूळ विषयाला येत होता.

प्राचार्यांनी पहिलं पान बघितलं, बाकीची मोजली आणि अर्ज परत केला. "नाव आणि विषय लिवा फक्त." मग त्यांनी क्लार्कला हाक मारली. "मडिवाळप्पा, ही तनुजा आपल्याकडं हाय का?"

मडिवाळप्पांनी रजिस्टर चाळलं. "हाय म्हणायला हाय, सर."

"आमच्या कॉलेजचा निकाल लई चांगला लागला यंदा," प्राचार्य मला म्हणाले. "वाडी-तांड्यावरून सायकल मारत रोज येणारी पोरं. सगळी साठच्या वर. न येणारीचाच तेवढा पडला."

यावर मला पुष्कळ बोलता आलं असतं, पण सही त्यांची हवी होती. त्या दिवशी ती मिळालीही नाही. आधी सर्व्हर बंद होता, मग सर्व्हर सुरू झाला तर वीज गेली, मग वीज आली तर मडिवाळप्पा एका बारशाला गेले. शिवाय पोरगी स्वतः यायला हवी होती. "पेपर तुमी देनार का ती?" प्राचार्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन पुन्हा गेलो.

प्राचार्यांनी चष्मा पुसला. "बाळ, मानवी हृदयाबद्दल सांग."

"चार कप्पे असतात सर."

प्राचार्यांनी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला.

"पुढं?"

"पुढं काय सर? चारच असतात."

प्राचार्यांनी त्यानंतर तिला आडवेतिडवे बरेच प्रश्न विचारले आणि तिनं प्रत्येकाचं उत्तर दोन-तीन शब्दांत, पापणी न हलवता दिलं. एकही चुकलं नाही. त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, येतंय हिला सगळं. लिवायला शिकवा." त्या माणसाबद्दलचा माझा राग तिथंच गेला.

लिहायला शिकवणार कोण? लातूरला तनुजा जिथं खोली घेऊन राहत होती त्या घराच्या मालकीण बिलकीस मॅडम. या बायॉलॉजीच्या निवृत्त प्राध्यापिका, आणि बोर्डाचे पेपर तपासण्यात त्यांची कित्येक वर्षं गेलेली. तनुजानं फोन केला तर म्हणाल्या, "या अल्ला! दो साल माझ्या घरात राहिली आणि मला विचारलं न्हाईस? ये बेटा, उद्याच ये." सिंधुला रजा मिळेना, म्हणून पोरीसोबत राहायला मी गेलो.

त्या गल्लीत प्रत्येक खोलीत एकेक पोरगं अभ्यास करत असतं आणि त्याला करून घालायला एकेक आई गावाकडचं घर सोडून येऊन राहिलेली असते. बाप म्हणून मी एकटाच. पहिल्याच संध्याकाळी ओट्यावरच्या आयांनी माझी चौकशी केली.

"भाऊ, नापास झाली का हो पोरगी?" सुकन्याबाई नावाच्या निलंग्याकडच्या बाईंनी विचारलं.

"नापास नाही. श्रेणीसुधार," मी म्हणालो.

"हाव, हाव. आमच्या भाच्याचं बी श्रेणीसुधारच होतं. तीन वर्सं चाललं."

मी नियम समजावून सांगितला, कलमासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला, माझ्यापुढं मेथीची जुडी ठेवली आणि निवडायला सांगितली. शासनसेवेतल्या इतक्या वर्षांत माझ्याकडं असं काम कुणी ढकललं नव्हतं. मी निवडली, कारण रात्री तनुजाला भाजी लागणारच होती.

मॅडमनी पहिल्या दिवशी तनुजाला एक प्रश्न लिहायला दिला. तिचं उत्तर बघून त्या म्हणाल्या, "बेटा, बराबर हाय. पण तपासणाऱ्याच्या हाताला काही लागत न्हाई. त्याला मार्क द्यायचेत, कुठं ठेवील तो?"

इथं मी मध्ये पडलो. लांबवून लिहिणं हा माझा हातखंडा. दोन ओळींच्या विषयाची टिपणी मी आठ पानांची केलेली आहे आणि ती मंत्रालयातून वाखाणली गेली आहे. मी रात्री तनुजाला माझी पद्धत शिकवली: विषय, संदर्भ, पार्श्वभूमी, मग मुद्दा, मग तोच मुद्दा वेगळ्या शब्दांत. ती हुशार पोरगी, तिनं लगेच उचललं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी वही उघडली आणि मोठ्यानं वाचलं, "विथ रेफरन्स टु द सब्जेक्ट सायटेड अबव्ह, इट इज सबमिटेड दॅट द हार्ट इज…" त्यांनी पान उलटलं. पुन्हा उलटलं. हृदय अजून आलंच नव्हतं, आणि तोवर तनुजाचा सगळा वेळ संपला होता.

"शेषेराव साहेब," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा."

मी बाहेर बसलो. ओट्यावर बातमी आधीच पोचली होती. मला शेवग्याच्या शेंगा देण्यात आल्या.

जूनच्या मध्यात नीटचा निकाल लागला. तनुजाला इतके मार्क होते की सरकारी कॉलेज सहज मिळावं. ओट्यावरच्या बायकांनी मला पहिल्यांदा खुर्ची दिली. मी सिंधुला फोन केला, ती फोनवरच रडायला लागली. मग तनुजाला शोधलं तर ती गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांमागं उभी होती.

"पप्पा, नीटला कमी पडले असते तर बरं झालं असतं."

"असं का म्हणतेस?"

"मग नुसतं मला आलं न्हाई असं झालं असतं. आता सगळं येत असून राहून गेलं तर?"

मला तिची फार काळजी वाटली आणि त्याहून जास्त तिचा अभिमान वाटला. मी खाली जाऊन धपाटे केले. ते करपले. तिनं दही लावून खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला पुन्हा आत बोलावलं. मला वाटलं, माझ्या पद्धतीचं महत्त्व शेवटी पटलं.

"बेटा," त्या तनुजाला म्हणाल्या, "तुला वाटतं समोरच्याला सगळं ठावं हाय. म्हणून तू लिवत न्हाईस. आता हे तुझे पप्पा. यांना यातलं काहीच येत न्हाई. बराबर ना, साहेब?"

माझ्या पदाचा विचार करता मी हे मान्य करायला नको होतं. पण मी मान हलवली.

"यांना समजेपर्यंत लिव. यांना समजलं की थांब. एक ओळ जास्त नको."

मग आमची शाळा सुरू झाली. तनुजा लिहायची आणि वाचून दाखवायची, मी अडाण्यासारखे प्रश्न विचारायचो. त्यासाठी मला कसलीच मेहनत घ्यावी लागली नाही. ती म्हणाली, रक्त या कप्प्यातून त्या कप्प्यात जातं. मी म्हणालो, मग उलटं का येत नाही? "झडपा असतात ना पप्पा." "मग ते लिहिलंस का?" तिनं वहीत बघितलं. नव्हतं लिहिलेलं. ती स्वतःशीच हसली आणि लिहायला लागली. निकालानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. पुढं पुढं तर मला काही विचारायला जागाच उरेना. फिजिक्समध्ये पायऱ्या, केमिस्ट्रीत समीकरणं, आकृतीला नावं. ओट्यावर मी सुकन्याबाईंना मूत्रपिंडाचं कार्य समजावून सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमीच बसा की परीक्षेला."

जुलैच्या परीक्षेचं केंद्र नांदेडला आलं, ते नेमकं आमच्या कॉलनीच्या रस्त्यावर. ही परीक्षा मुख्यतः नापास झालेल्यांची. त्यामुळं फाटकाबाहेर मी उभा असताना सगळी कॉलनी मला बघत भाजी आणायला गेली. धोंडप्पा अण्णा मुद्दाम स्कूटर थांबवून म्हणाले, "होतंय साहेब, होतंय. आमचा पुतण्या बी दुसऱ्या टायमाला निघाला." मी श्रेणीसुधार हा शब्द उच्चारला नाही. दम संपला होता.

बायॉलॉजीच्या पेपराला पोरं लवकरच बाहेर यायला लागली. अर्ध्या वेळेत अर्धी आली. मग उरलेली. चहावाल्यानं गाडा आवरला. घंटा झाली तरी तनुजा नाही. वाटलं, पोरगी आत चक्कर येऊन पडली. शेवटी ती आली, एकटी, उजवा हात डाव्या हातानं चोळत.

"पुरवण्या घेतल्या," ती म्हणाली.

"किती?"

"मोजल्या न्हाईत. शेवटी सर म्हणाले, आता पुरे कर बाई."

मी भर रस्त्यात तिचा हात हातात घेतला आणि घरापर्यंत सोडला नाही. कॉलनीनं तेही बघितलं असेल.

निकालात तिन्ही विषयांचे मिळून दोनशेच्या वर होते. धोंडप्पा अण्णांनी या वेळी स्वतःच्या खर्चानं पेढे वाटले आणि प्रत्येक दाराशी सांगितलं की श्रेणीसुधाराचा सल्ला मूळ त्यांचाच. मी हरकत घेतली नाही. बिलकीस मॅडमना फोन केला तेव्हा त्या बराच वेळ नुसत्या 'अच्छा, अच्छा' म्हणत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "आता घाई करू नको म्हणा तिला. पेशंटला बी असंच नीट सांगावं लागतं."

पहिल्याच फेरीत तनुजाला लातूरचं सरकारी मेडिकल कॉलेज मिळालं. कागदपत्रं तपासायच्या दिवशी आम्ही दोघं रांगेत उभे होतो. टेबलामागच्या साहेबांनी तिच्या दोन गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हे आधीचे एवढे कमी मार्क कशानं?"

मी पुढं सरलो, नियमाच्या कलमासकट तयार होतो. पण तनुजाच बोलायला लागली. मान खाली न घालता तिनं सगळं सांगितलं: उत्तरं येत होती पण लिहिता येत नव्हती, ते कसं झालं, अर्ज कुठं भरला, कुणी शिकवलं आणि मग काय बदललं. आधीचं आधी, नंतरचं नंतर. एक ओळ जास्त नाही. साहेबांनी नुसती मान डोलावली आणि मूळ दाखले जुळवून बघायला आत घेऊन गेले.

आमच्या मागं किल्लारीकडची एक बाई पोराला घेऊन उभी होती. ती हळूच पुढं आली. "ताई, आमच्या पुतणीचं बी असंच झालंय गं. मे महिन्यापासून घराबाहेर निघाना. जेवायला बसली तरी नुसती रडती. तू जरा बोलतीस का तिच्याशी?" तिनं फोन लावून तनुजाच्या हातात दिला.

तनुजा खिडकीशी गेली. पलीकडून काही ऐकू येत नव्हतं, बहुतेक पोरगी बोलतच नसावी. "रडू नको," तनुजा म्हणत होती. "आधी मला सांग, तुला काय काय येतं? मला काही घाई न्हाई. सांग." मग ती ऐकत उभी राहिली. बराच वेळ नुसती ऐकत होती. माझी कायम घाईत असलेली पोरगी अशी उभी राहिलेली मी बघत होतो, आणि माझे डोळे भरून आले ते मी कुणापासून लपवले नाहीत.

साहेब बाहेर आले. त्यांनी यादीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं नाव पुकारलं. तनुजाला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं आणि त्रासून माझ्याकडं बघितलं. "अहो, कुठंय तुमची मुलगी? बोलवा तिला."

"थांबा जरा साहेब," मी म्हणालो. "डॉक्टर कामात आहेत."